लहान हातांचे दान

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चालकांच्या आज्ञेवरून आम्ही येथे उभे आहोत. आमचे आयुष्य प्राथमिक शाळेच्या खडू-फळ्यात गेले. तेव्हा मोठ्यांना उपदेश करण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. मात्र लहान मुलांविषयी चार अनुभवाच्या गोष्टी सांगू शकतो. आपापल्या गावी बालकाश्रम, वृद्धाश्रम किंवा गरीब विद्यार्थ्यांचे वसतिगृह असते. अशा संस्थेसाठी पहिली ते चौथीच्या मुलांनी निधी कसा जमवावा, हा आजचा विषय.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मुलाने घरी हात पसरला, वडिलांनी नोट दिली आणि ती त्याने शाळेत पोचविली, तर दान वडिलांचे झाले; मूल केवळ हमाल ठरले. ज्या दानात मुलाचे श्रम नाहीत आणि त्यागही नाही, ते त्याच्या मनाला शिवत नाही.

मराठी मुलखाला थेंबे थेंबे तळे साचविण्याची रीत नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसाफंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावास काचकारखाना निघाला. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहांसाठी घरोघरची मूठ-मूठ धान्य गोळा केले आणि मुलांना श्रम करून शिकण्याचा धडा दिला. या थोरांनी रकमेपेक्षा देणाऱ्या हातांची संख्या मोठी मानली. मुलांच्या निधीचेही गमक हेच असावे.

आता प्रत्यक्ष उपाय. स्काऊट-गाईडच्या मुलांत ‘खरी कमाई’ नावाचा उपक्रम चालतो. नावातच सारे सार आले. शाळेच्या पटांगणात एक दिवस मुलांचा बाजार भरवावा. त्यासाठी मेथी मुलांनीच पेरावी. जुन्या टोपलीत माती भरून पाणी घातले, तर तीन-चार आठवड्यांत ती खुडण्याजोगी होते. रद्दीच्या कागदी पिशव्या चिकटवाव्यात. दिवाळीपूर्वी मातीच्या पणत्या रंगवाव्यात. भेळ कालवावी, मात्र चिरणे-शिजवणे मोठ्यांकडे असावे. गिऱ्हाइकास सुटे पैसे परत देताना मुले जी वजाबाकी शिकतात, ती फळ्यावर शिकविण्यास आम्हांस महिना लागे. हल्ली बोटाच्या स्पर्शाने पैसा इकडून तिकडे जातो, तो मुलांना दिसतच नाही. म्हणून या बाजारात तरी नाणी असावीत, असा आमचा आग्रह आहे.

दुसरा उपाय मुष्टिधान्याचा. मूठ सुमारे ५० ग्रॅमांची धरली, तर ४० मुलांच्या वर्गाचे दररोज २ किलो आणि ३० दिवसांत ६० किलो धान्य होते. वसतिगृहाच्या कोठीस हा आधार थोडा नव्हे. वाढदिवसास एक खेळणे कमी घेऊन त्याचे पैसे डब्यात टाकणे, हा तिसरा.

परंतु बंधुभगिनींनो, या कार्यात एक काटा आहे. तो आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. एका शाळेत मुलांस मदतीची कुपने वाटली, सर्वांत जास्त खपविणाऱ्यास बक्षीस ठेवले आणि रोजची यादी फळ्यावर लावली. पेढीवाल्यांच्या मुलाने नात्यागोत्यांत दोन पुस्तके संपविली. मोलमजुरी करणाऱ्या एका बाईची मुलगी यादीत शेवटी राहिली आणि चौथ्या दिवसापासून शाळेत येईनाशी झाली. अनाथांसाठी निधी जमविताना आपल्याच वर्गातील एका लेकराची मान खाली गेली! असे दान जमले काय, न जमले काय?

म्हणून तीन पथ्ये सुचवितो. डबा एकच, झाकणास फट पाडलेला आणि कुलूपबंद असावा. कोणी किती टाकले हे गुरुजींसही कळू नये. बक्षीस आणि यादी दोन्ही वर्ज्य समजावीत. ज्याच्या घरी धान्य मोजून येते, त्याच्याकडून मूठ मागू नये. त्याला बाजाराची मांडामांड, पाट्या लिहिणे, हिशेब ठेवणे अशी मानाची कामे द्यावीत. श्रमाचे दान पैशाहून हलके नसते. लहान मुलांना अनोळखी दारी वर्गणी मागावयास तर मुळीच धाडू नये.

शेवटी हिशेब. डबा मुलांसमक्ष उघडावा, नाणी त्यांनीच मोजावीत, जमाखर्च फळ्यावर मांडावा आणि संस्थेची पावती वर्गात लावावी. दोन-चार मुलांना संस्थेत न्यावे. मात्र तेथील मुलांना रांगेत उभे करून छायाचित्रे काढू नयेत. त्यांच्यासवे खेळावे, एका पंगतीस बसावे. घेणाऱ्याचा मान राखणे हा दानाचा अर्धा भाग आहे.

आपली ज्ञाती लहान आहे, पण आपल्या घरांतून शिक्षक, पालक आणि शाळासमित्यांचे सभासद पुष्कळ आहेत. येत्या दिवाळीपूर्वी प्रत्येकाने आपल्या गावच्या शाळेत असा एक बाजार भरवावा आणि तो केवळ ज्ञातीच्या संस्थेपुरता न ठेवता गावातील गरजू संस्थेसाठी असावा, एवढीच आमची विनंती. मुलांच्या डब्यात चारशे रुपये निघोत की चार हजार, हिशेब चोख असावा आणि कोणाचेही डोळे पाणावलेले नसावेत.