पन्नास रुपये

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'सॉफ्टवेअर क्षेत्रातली माझी वाटचाल' हा विषय दिला होता. मी त्यांना विनंती करून तो बदलून घेतला. वाटचाल तशी सरळ आहे. शाळा, पुढे इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी, आणि वीस-बावीस वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून वाढलेला चष्म्याचा नंबर. आज मला बोलायचं आहे ते आपल्या नववीच्या वर्गाबद्दल आणि माझ्या श्रद्धेबद्दल. दोन्हींचा संबंध आहे.

तुम्हाला माहीतच आहे, मी ख्रिस्ती घरातली. आपल्या नगरात मिशनरी आले १८३१ साली, तेव्हा इथल्या लोकांना ख्रिस्ती शेजारी नवे नाहीत. माझ्या डब्यातला नाताळचा केक आणि करंज्या तुम्ही किती वर्षं फस्त केल्यात, ते इथले पुष्कळजण सांगतील!

आपल्याकडे 'ख्रिस्तामुळे बदललेलं आयुष्य' म्हटलं की ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई आठवतात. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लगेच त्यांच्या मागे गेल्या नाहीत. मनातला जातिभेद आधी गळून पडला, कोणाच्या हातचं खायचं-प्यायचं हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचताना मला नेहमी वाटायचं, यांनी केवढं सोडलं, केवढं सोसलं! मला तर काहीच सोडावं लागलं नाही. पणजोबांपासून सगळं आयतं मिळालं. दर रविवारी चर्च, संडे स्कूल, पाठांतराची बक्षिसं. बदलायचं असं काही माझ्यात आहे, हेच मला बरीच वर्षं कळलं नाही.

आता नववीकडे येते. डिसेंबर १९९३. आपली वेरूळची सहल. वर्गणी पन्नास रुपये, आणि ती गोळा करायला मॉनिटर म्हणून मी. शेवटच्या दिवशी हिशेब केला तर पन्नास रुपये कमी आले. यादीत एका मुलीच्या नावापुढे खूण नव्हती. ती म्हणाली, "मी दिलेत, मधल्या सुट्टीत दिलेत." मी म्हणाले, "नाही दिलेस." मला खरोखरच आठवत नव्हतं. बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला. पहिल्या नंबरची, चर्चला जाणारी मुलगी, ती कशाला खोटं बोलेल? बाईंनी तिला सगळ्या वर्गासमोर उभं करून विचारलं, पैसे कुठे खर्च केलेस. ती रडली. तिचे वडील मार्केट यार्डात हमाली करायचे, दुसऱ्यांदा पन्नास रुपये येणं शक्य नव्हतं. आपण वेरूळला गेलो. ती गेली नाही.

एप्रिलमध्ये वर्गणीची वही परत करायची म्हणून मी तिचं खाकी कव्हर काढलं. कव्हरच्या घडीत पन्नासची नोट होती. मधल्या सुट्टीत घाईघाईनं मीच ती तिथे सरकवली असणार.

मित्रांनो, इथपर्यंत ती चूक होती. पुढे मी जे केलं ते पाप होतं. मी कोणालाही सांगितलं नाही. ती नोट मी रविवारी चर्चमध्ये अर्पणाच्या थैलीत टाकली. देवाला देऊन टाकली, प्रार्थना केली, आणि मला अगदी हलकं वाटलं. पुढची पंचवीस वर्षं मी असंच धरून चालले की देवानं क्षमा केली, विषय संपला. तिच्या पैशानं मी माझी क्षमा विकत घेतली होती, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

२०१९ साली ऑफिसात एक प्रसंग घडला. शुक्रवारी रात्री आम्ही आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चालू केली आणि शनिवारी सकाळी कळलं, ग्राहकांच्या खात्यांतून पैसे दोनदा वजा होतायत. चाचण्या पूर्ण झालेल्या नसताना मंजुरी दिली होती ती मी. असं काही झालं की आम्हाला कारणांचा अहवाल लिहावा लागतो. मी लिहिलं, 'स्क्रिप्ट चालवताना चूक झाली.' स्क्रिप्ट चालवणारा मुलगा नोकरीला लागून आठ महिने झाले होते. वाक्य खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये जक्कयाचा उतारा वाचला गेला. तुमच्यापैकी अनेकांना ही गोष्ट माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. जक्कय हा यरीहो गावातला मुख्य जकातदार. लोकांकडून जास्तीचे पैसे उकळून श्रीमंत झालेला, बुटका, आणि गावात कोणालाच नको असलेला. येशूला बघायला तो उंबराच्या झाडावर चढला. येशूनं वर बघून त्याला नावानं हाक मारली आणि म्हणाला, खाली ये, आज मी तुझ्या घरी उतरणार आहे. हिशेब विचारला नाही, अटही घातली नाही. सगळं गाव कुरकुरलं. तेव्हा जक्कय आपण होऊन उभा राहिला आणि म्हणाला, माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत करतो.

ही गोष्ट मी लहानपणी अभिनयासह सांगून बक्षीस मिळवलं होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, पैसे गोळा करणारा माणूस आहे हा! आणि क्षमा मिळाल्यावर तो 'सुटलो' म्हणून झाडाखालून घरी गेला नाही. ज्यांचे पैसे घेतले, त्यांच्या दारात परत जायला निघाला. येशूनंच दुसरीकडे सांगितलं आहे की अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी नेमकं उलटं केलं होतं.

सोमवारी मी अहवाल बदलला आणि त्यात माझं नाव लिहिलं. त्या वर्षी माझी पगारवाढ थांबली. ते योग्यच झालं.

पण नववीतल्या मैत्रिणीला शोधायला मला आणखी सहा वर्षं लागली. जक्कय झाडावरून लगबगीनं उतरला होता, मी फांदी धरून बसले होते. तिचा नंबर नाही, हे कारण मला पुरत होतं. यंदा मेळाव्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला आणि तिचा नंबर समोर आला. तरी तीन आठवडे गेले.

मी फोनवर सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, पैशाचं मी कधीच विसरले. पण अण्णांनी त्या दिवशी मला मारलं होतं. ते २००८ साली गेले. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं की मी ते पैसे उडवले."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. चौपट काय, दसपट दिलं तरी अण्णांना मी काही सांगू शकत नाही. क्षमा झाली म्हणून झालेलं नुकसान भरून येत नाही, हे मला त्या फोनवर कळलं. ते नुकसान डोळ्यांसमोर ठेवून पुढे जगायचं, एवढंच हातात राहतं.

मी चौपटीचं बोलले, तर ती म्हणाली, "पन्नास देऊन टाक, बाकीचं तुझ्या देवाला विचार." आणि मग एक अट घातली. "वर्गासमोर मला खोटारडी ठरवलं होतं. वर्गासमोरच सांग."

म्हणून आज मी इथे उभी आहे. तिचं नाव मी घेत नाही, तसं तिच्याशी ठरलं आहे. ज्यांना तो दिवस आठवतो त्यांना ते ठाऊक आहे. ती खरं बोलत होती. तिनं पैसे दिले होते. खोटी मी होते. बाई, तुमचा यात दोष नाही, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि तो मी मोडला.

मी फार बदलले आहे असा माझा दावा नाही. अहवाल लिहायला बसले की पहिलं वाक्य अजूनही स्वतःला वाचवणारंच सुचतं. फरक इतकाच की आता ते खोडते.

बाई, एक विनंती. नववीची ती वही आता कुठे असेल कोण जाणे. पण आज तुमच्या साक्षीनं नोंद करून घ्या: वेरूळ सहल, वर्गणी रुपये पन्नास, मिळाली.