संगणक पाण्याने गार ठेवताना



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. ओल्या हाताने बटण दाबू नकोस, हे आपण मुलांना बालवाडीपासून सांगतो. आणि आज हे गुरुजी म्हणतात, संगणकात पाणी खेळवा! पण मी तसे म्हणायला आलेलो नाही. पाणी केव्हा खेळवावे, केव्हा मुळीच खेळवू नये, एवढे सांगायला आलो आहे. हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही.

आमच्या शाळेला गावाने लोकवर्गणी करून एक दणकट संगणक घेऊन दिला. मुलांनी केलेले पाठ चित्रित करायचे, ते जोडायचे, वाड्यावस्त्यांवरच्या शाळांना पाठवायचे, असा बेत. वर्गणीच्या यादीत दुकानदार होते, तशी ऊसतोडीला जाणारी माणसेही होती. संगणक आला तो मोठ्या थाटात. आत पारदर्शक नळ्या, त्यांतून वाहणारे निळे पाणी, वर दिवे. मुले भोवती कोंडाळे करून उभी राहत.

दोन वर्षांनी टाकीतले पाणी कमी झालेले दिसले. कोणी तरी हातपंपाचे पाणी गाळून आत ओतले. नाव कशाला लपवू? तो मीच. पुढे काही महिन्यांनी एका सकाळी वर्गात जळका वास सुटला. सांध्यातून थेंब थेंब पाणी ग्राफिक्स कार्डावर उतरले होते. कार्ड गेले, मदरबोर्डही गेला. आमच्या शाळेतल्या मावशी एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, आता लोकांना काय सांगायचं?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी जे शिकलो, ते आता सांगतो.

संगणकाचा प्रोसेसर म्हणजे त्याचा मेंदू. हिशेब करताना तो तापतो. साध्या कामाच्या प्रोसेसरवर ६५ वॅट असा आकडा लिहिलेला असतो. म्हणजे जुन्या ६० वॅटच्या दिव्याएवढी उष्णता. मोठ्या प्रोसेसरवर १२५ वॅट लिहिलेले असते, आणि पूर्ण जोरात चालताना त्यांतले काही २५० वॅटच्या घरात जातात. ही सगळी उष्णता नखाएवढ्या तुकड्यातून निघते. ती बाहेर नेली नाही तर काम अडते.

नेण्याचे दोन मार्ग. एक हवेचा, दुसरा पाण्याचा. ट्रॅक्टरचे इंजिन आपण रोज पाहतो. तिथे पाणी इंजिनातली उष्णता उचलते आणि पुढच्या रेडिएटरमध्ये आणून सोडते. पंखा ती हवेत उधळून देतो. संगणकातही तेच. तेवढ्याच आकारमानाची हवा आणि पाणी घेतले, तर पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. म्हणून पाणी हमाल चांगला.

पण हमालच, बरं का! पाणी गारवा निर्माण करत नाही. माठातले पाणी हवेपेक्षा गार होते, कारण ते पाझरते आणि त्याची वाफ होते. रेडिएटरमधले पाणी बंद असते. मे महिन्यात खोलीत ४२ अंश असतील, तर ते पाणी ४० अंशांवर येणार नाही. खोली तापलेली ठेवून नुसती पाण्याची यंत्रणा घेणे म्हणजे फुटक्या घागरीने पाणी भरणे.

आता मुख्य गोष्ट. उष्णतेवर यंत्रात पहारेकरी असतो. आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास गेले की आपला वेग आपणच कमी करतात. त्याहून तापले तर संगणक बंद पडतो, पण वाचतो. गळतीवर मात पहारेकरी नाही. म्हणून यंत्रणा निवडताना "किती गार करते?" हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, "बिघडली तर काय होईल?"

या कसोटीवर सांगतो: शाळा, ग्रामपंचायत, पतपेढी, घर, इथे ६५ वॅटच्या प्रोसेसरला पाणी नकोच. त्याला पंख्याचा साधा संच पुरतो. १२५ वॅटच्या प्रोसेसरलाही बहुधा तांब्याच्या नळ्या आणि पातळ पत्रे असलेला मोठा पंखासंच पुरतो. गंमत अशी, की त्या कायमच्या बंद नळ्यांतही थोडे पाणी असते! ते तापल्या टोकाला वाफ होते, दुसऱ्या टोकाला निवते आणि परत येते. त्याला पंप नाही, सांधा नाही. पंखा बंद पडला, तर थोड्या पैशात नवा बसतो.

मग पाणी कोणाला? ज्यांचे यंत्र तासन्‌तास पूर्ण जोरात राबते त्यांना. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९–२० मध्ये उभा राहिलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणक द्रवानेच थंड ठेवलेला आहे. पण तिथे देखभालीला जाणते लोक असतात. आपल्याकडे असतो एक शिक्षक, आणि त्याला सहा तासिका!

तरीही पाण्याची गरज पडलीच, तर कारखान्यातून भरून, मोहोर लावून आलेला बंद संच घ्यावा. सुट्या नळ्या जोडून केलेली यंत्रणा हौशी माणसाने करावी. तिचे पाणी वर्षा-वर्षाने बदलावे लागते. बंद संच घेताना काही गोष्टी पाहाव्यात.

संच आपल्या प्रोसेसरच्या बैठकीवर बसतो का आणि रेडिएटर पेटीत मावतो का, हे आधी मोजावे. रेडिएटर १२०, २४०, ३६० मिलिमीटर अशा मापांत येतात. हमीचा कागद वाचावा. संच गळून दुसरे भाग बिघडले, तर त्यांची भरपाई मिळते का, हे लेखी विचारावे. बसवताना रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच राहू द्यावा. नाही तर आतली हवा पंपात अडकते. पंपाची वायर मदरबोर्डावर नेमून दिलेल्या जागी जोडावी, म्हणजे पंप थांबल्यास यंत्राला कळते. तळाच्या तांब्यावरचा प्लॅस्टिकचा कागद काढायला विसरू नये. हसू नका, हा कागद पुष्कळांचा राहतो!

आणि माझी चूक करू नका. बंद संचात काहीही ओतू नये. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण विहिरीच्या, नळाच्या पाण्यात क्षार असतात. ते वीज वाहू देतात आणि हंड्याला बसते तशी पुटे आत चढवतात. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात असले, तर ॲल्युमिनियम झिजते. ते होऊ नये म्हणून कारखान्याच्या द्रवात औषध घातलेले असते. आपण पाणी ओतले, की औषध पातळ झाले.

बंद संचही अमर नाही. रबरी नळ्यांतून पाणी वर्षानुवर्षे किंचित उडत राहते. हमी बहुधा पाच-सहा वर्षांची. ती संपली की बदलण्याचा विचार करावा. पंपाचा खळखळाट वाढला, तापमान चढू लागले, सांध्याशी ओल दिसली, तर आधी भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढावा, मगच पेटी उघडावी.

आमच्या शाळेत काय झाले? ग्रामसभेत उभा राहून मी चूक कबूल केली आणि पहिली वर्गणी माझी लिहिली. दुरुस्त संगणकाला आता पंख्याचा संच आहे. दर शनिवारी मुले जाळीवरची धूळ झटकतात. निळे पाणी नाही, दिवे नाहीत, कोंडाळेही नाही. पण पाठ वेळेवर जातात. मावशींनी परवा विचारले, "गुरुजी, आता यात पाणी नाही ना?" म्हटले, "आहे, मावशी. पण ते बाहेर यायचं नाही."