छंद आणि चाकरी

नवापूरचा एखादा गृहस्थ दिवसभर बोईसरच्या कारखान्यांत संगणकांचें जाळें सांभाळतो, आणि रात्रीं घरीं डाख देण्याचें हत्यार तापवीत बसतो. शेजारी विचारतात, "पुन्हां तेंच?"

तें तेंच नव्हे. चाकरींत बिघडलेली पेटी उघडावयाची नसते; काम खोळंबूं नये म्हणून ती काढून दुसरी बसवावयाची असते. घरीं मात्र वेळ आपला असतो. खाऱ्या वाऱ्यानें तांब्याच्या तारेवर हिरवा कळंक चढतो. तो खरवडून डाख दिला आणि मुक्या यंत्रांतून आवाज उमटला, म्हणजे दोषाचें मूळ कळतें.

ही केवळ करमणूक नव्हे. मुंबईच्या रेडिओ क्लबानें १९२३ सालीं ध्वनिक्षेपण आरंभिलें, तेव्हां ऑल इंडिया रेडिओचा जन्मही झाला नव्हता. हौस आधीं, खातें मागाहून! २००४ च्या डिसेंबरांत भारती प्रसाद हौसेचें बिनतारी केंद्र घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. २६ तारखेस त्सुनामी आली, दळणवळण तुटलें, आणि अंदमानांतील लोकांच्या क्षेमकुशलाचे निरोप त्या केंद्रावरून मुख्य भूमीस पोहोंचले.

मे २०२१ मध्यें तौक्ते वादळ आपल्याही किनाऱ्याजवळून गेलें. वीज खंडली, कीं मोबाईलचे मनोरे सांठवलेली वीज पुरेल तोंवरच बोलतात. नंतर उपयोगी पडतो तो यंत्राचें अंतरंग जाणणारा माणूस.

म्हणून घरांतील मुलानें जुना रेडिओ उघडला, तर रागावूं नका. विजेची तार तेवढी काढून ठेवा, आणि त्याच्या शेजारीं बसा.