बारा वाजायच्या आत

स्वयंपाक उरकून, जनावरांना वैरण टाकून काही जणी रेडिओजवळ बसल्या असाल. काही जणी भाकरी थापता थापता ऐकत असाल. आज बचत, व्याज, कर्जाचे हप्ते यातलं काही बोलायचं नाही. आज एका सिनेमाची गोष्ट सांगायची आहे. सिनेमा इंग्रजी, काळा-पांढरा आणि सत्तर वर्षांहून जुना. त्याचं नाव 'हाय नून', म्हणजे भर दुपारचे बारा. तो अमेरिकेत १९५२ साली आला.

दर महिन्याच्या बैठकीनंतर एखादा सिनेमा सगळ्यांनी मिळून बघायचा, असं आमच्या गटांनी ठरवलं आहे. हा निवडला तेव्हा पहिला प्रश्न आला, "इंग्रजी कुणाला कळणार बाई?" म्हणून आम्ही दोघी-तिघींनी तो आधी दोनदा पाहिला. मग समाजमंदिरात भिंतीवर पांढरी चादर लावली, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी सिनेमा थांबवून मराठीत गोष्ट सांगितली. सुरुवातीला चुळबूळ झाली. अर्ध्या तासानं मात्र बायकाच म्हणायला लागल्या, "थांबवू नका गं, कळतंय आम्हाला." कळणारच होतं, कारण गोष्ट एका गावाची होती.

अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या जुन्या वस्त्यांवर तिथं शेकडो सिनेमे निघाले. त्यांना 'वेस्टर्न' म्हणतात. घोडे, बंदुका, धुळीचा रस्ता, दारूचा गुत्ता आणि एखादं रेल्वे स्टेशन. आपण सगळ्यांनी 'शोले' पाहिला आहे. १९७५च्या त्या आपल्या सिनेमात आगगाडी, घोड्यावरचे डाकू, उजाड माळ हे जे दिसतं, त्यातलं बरंच या वेस्टर्न सिनेमांवरून आलेलं आहे. त्यामुळे बघताना फार परकं वाटत नाही.

आता गोष्ट ऐका. गावाचं नाव हॅडलीव्हिल. तिथला मार्शल, म्हणजे आपण गावाचा फौजदार म्हणू, त्याचं नाव विल केन. सिनेमा सुरू होतो तेव्हा त्याचं लग्न लागत आहे. सकाळचे साडेदहा होऊन गेलेत. त्यानं नोकरी सोडली आहे. नवा फौजदार दुसऱ्या दिवशी येणार आहे. नवरा-बायको गाव सोडून दुकान चालवायला निघणार, तेवढ्यात तार येते. पाच वर्षांपूर्वी केननं ज्या गुंडाला पकडून तुरुंगात धाडलं, तो फ्रँक मिलर सुटला आहे. बाराच्या गाडीनं तो येतो आहे. त्याचे तीन साथीदार स्टेशनावर वाट बघत बसले आहेत.

लोक केनला घाईघाईनं गाडीत बसवून लावून देतात. तो थोडं अंतर जातो आणि घोडे मागं वळवतो. आज पळालो तर पुढं कुठंही गाठतीलच, हे त्याला कळतं. शिवाय हे त्याचं गाव आहे, इथं त्याची माणसं आहेत. चार-सहा जण बरोबर उभे राहिले तर मिलर काही करू शकणार नाही, असा त्याचा हिशेब असतो. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे हा हिशेब कसा चुकतो, त्याची गोष्ट.

सिनेमा साधारण ८५ मिनिटांचा आहे, आणि गोष्टही जवळजवळ तेवढ्याच वेळात घडते. भिंतीवरचं घड्याळ पुन्हा पुन्हा दाखवतात. पावणेअकरा, सव्वाअकरा, पावणेबारा. आपल्याकडे 'बारा वाजले' म्हटलं की काम बिघडलं असं समजतात. आमच्यातल्या एक मावशी प्रत्येक घड्याळाला म्हणायच्या, "अरे देवा, वाजतील आता याचे बारा." आणि स्टेशनाजवळचे ते सरळ लांब रूळ. त्यावर काहीच नसतं, तरी पोटात गोळा येतो.

केन दारोदार फिरतो. प्रत्येक दारात त्याला काय उत्तर मिळतं, तिकडे नीट लक्ष द्या.

न्यायाधीश, ज्यानं मिलरला शिक्षा सुनावली होती, तो भिंतीवरचा झेंडा काढून घडी घालतो, न्यायाचा तराजू पिशवीत टाकतो आणि घोड्यावर बसतो. केनच्या हाताखालचा जवान म्हणतो, तुझ्या जागेवर माझी शिफारस केलीस तर थांबतो. हॉटेलातल्या कारकुनाला मिलर असतानाच धंदा जास्त होत होता. म्हातारा जुना फौजदार, ज्याला केन गुरू मानतो, तो म्हणतो, माझी हाडं दुखतात, माझा तुला उपयोग नाही. एक गडी आधी हो म्हणतो. मग दुसरं कुणीच आलेलं नाही हे कळल्यावर बायकापोरांचं नाव काढून परत जातो.

एका घराच्या दारात तर आमच्या सगळ्या जणी गप्प झाल्या. केनचा मित्र घरातच लपून बसतो आणि बायकोला पुढं करतो, "सांग, मी घरी नाही." ती बाई दारात उभी राहून खोटं बोलते. तिला ते जमत नाही, नजर खाली जाते. केनला सगळं कळतं. तो काही न बोलता निघून जातो. मागे बसलेल्या एक काकू हळूच म्हणाल्या, "वसुलीवाला आला की आपण हेच करतो की." हसू आलं, पण फार वेळ टिकलं नाही.

मग चर्च. रविवारची प्रार्थना चालू आहे, गाव जमलं आहे. केन मदत मागतो. पहिल्या झटक्यात काही पुरुष उठतात. तेवढ्यात एक जण म्हणतो, थांबा, हा तर आता फौजदारही नाही, हे त्याचं आणि मिलरचं जुनं भांडण असेल. झालं. मुलांना बाहेर खेळायला पाठवतात आणि चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, आम्ही कर भरतो, हे काम आमचं नाही. कुणी म्हणतं, मिलरला सोडलं ते वरच्या सरकारनं, दोष त्यांचा. आपल्या ग्रामसभेत बसल्यासारखंच वाटतं.

या गर्दीतून एक बाई उठते. सिनेमाभर ती पुन्हा कुठं ठळक दिसत नाही. ती म्हणते की भर दिवसा चांगल्या घरच्या बाईला या रस्त्यानं चालता येत नव्हतं, मुलं वाढवण्यासारखं हे गाव नव्हतं, ते दिवस विसरलात का? आणि आता नुसते बोलत काय बसलात? मैत्रिणींनो, सगळ्या सभेत सगळ्यात खरं बोलणं तिचं आहे. पण ते विरून जातं. शेवटी गावाचा महापौर उठतो. तो केनची तोंडभर स्तुती करतो, असा फौजदार आम्हाला मिळाला नव्हता म्हणतो. आता हा नक्की मदत देणार असं वाटतं. मग तो म्हणतो, बाहेरचे लोक इथं पैसा गुंतवायच्या विचारात आहेत, रस्त्यात गोळीबार झाला तर गावाचं नाव जाईल, तेव्हा तू निघून गेलेलाच बरा. इतक्या गोड शब्दांत गाव त्याला एकटं टाकतं.

'शोले'त रहीमचाचांचा मुलगा मारला जातो आणि गाव कच खातं, तेव्हा तो आंधळा बाप बोलतो आणि गावाला लाज वाटते. हॅडलीव्हिलमध्ये तसा कुणी निघत नाही. बरोबर यायला तयार होतात ते फक्त दोघे. एक डोळा गेलेला एक दारुडा आणि चौदा वर्षांचा एक पोरगा. केन दोघांनाही परत पाठवतो.

यात दोन बायका आहेत, त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. एक केनची नवी नवरी, एमी. हे काम केलं ग्रेस केलीनं. एमीचा बाप आणि भाऊ बंदुकीनं मारले गेले, म्हणून हिंसा करायची नाही असं मानणाऱ्या क्वेकर पंथात ती गेली आहे. नवरा ऐकत नाही म्हटल्यावर ती त्याच बाराच्या गाडीनं निघायचं ठरवते. दुसरी हेलन रामिरेझ, मेक्सिकन बाई. मेक्सिकोच्याच कॅटी हुरादो या नटीनं हे काम केलं आणि त्यासाठी तिला गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला. हेलनचा स्वतःचा धंदा आहे. दुकानात तिचा पैसा आहे, पण नाव भागीदाराचं. मेक्सिकन बाई म्हणून या गावात कसं जगावं लागलं ते तिला ठाऊक आहे. मिलर येतोय कळल्यावर ती रडत बसत नाही. भागीदाराला बोलावून आपला हिस्सा विकते, काही पैसे रोख घेते, बाकीच्यांना मुदत देते. आमच्या गटाच्या अध्यक्ष म्हणाल्या, "हिशेब बघा तिचा! दहा मिनिटांत सगळं चोख."

हेलन आणि एमी, एकीचा जुना प्रियकर आणि दुसरीचा नवरा एकच. भांडण होईल असं आम्हाला वाटलं होतं. पण हेलन तिला विचारते, तू त्याला सोडून कशी जातेस? तो माझा असता तर मी बंदूक घेऊन लढले असते. दोघी एकाच गाडीतून स्टेशनावर जातात. पहिली गोळी ऐकू येते आणि एमी गाडीतून उतरून धावत सुटते. शेवटी, जिनं बंदूक नाकारली होती तीच बंदूक उचलते आणि नवऱ्याचा जीव वाचवते. तिनं बरोबर केलं का, यावर आमच्यात बराच वाद झाला. एक वहिनी म्हणाल्या, "तिचा धर्म मोडला." दुसऱ्या म्हणाल्या, "तो एकटा होता, तेव्हा कुणाचाच धर्म जागा नव्हता." हा वाद अजून मिटलेला नाही.

गोळीबाराच्या आधीचं एक दृश्य आवर्जून बघा. केन रस्त्यावर उभा आहे. कॅमेरा हळूहळू उंच जातो, आणि रिकामा रस्ता, बंद दारं आणि मधोमध तो एवढासा दिसतो. केनचं काम करणारा गॅरी कूपर तेव्हा पन्नाशीचा होता. त्याच्या चेहऱ्यावर घाम आहे, सुरकुत्या आहेत, भीती आहे. एके ठिकाणी तो टेबलावर डोकं ठेवतो. आपल्या सिनेमातला हिरो कधी घाबरत नाही, हा घाबरतो आणि तरी जातो. या कामाबद्दल त्याला ऑस्कर मिळालं.

चारही गुंड मेल्यावर सगळी दारं उघडतात. मघाशी न आलेले सगळे लोक गोळा होतात. केन त्यांच्याकडे बघतो, छातीवरचा बिल्ला काढून धुळीत टाकतो आणि बायकोला घेऊन निघून जातो. एक शब्द बोलत नाही.

ही गोष्ट लिहिणाऱ्या कार्ल फोरमनवर त्याच वेळी अशी पाळी आली होती. अमेरिकेत तेव्हा कम्युनिस्ट ठरवून लोकांना चौकशीला बोलावत आणि दुसऱ्यांची नावं सांगायला लावत. त्यानं नावं सांगितली नाहीत. त्याचं काम बंद झालं, त्याला देश सोडून इंग्लंडला जावं लागलं. बरोबरचे लोक कसे एकेक करून बाजूला होतात, हे त्यानं स्वतः पाहिलं होतं.

सिनेमा संपला, दिवा लावला, तरी कुणी उठेना. कारण आम्हाला सगळ्यांना एकच गोष्ट आठवत होती. मागच्या पावसाळ्यात शाळेजवळच्या चोरट्या दारूविरुद्ध अर्ज द्यायचं आम्ही ठरवलं होतं. चौदा जणींनी सह्या केल्या. द्यायच्या दिवशी आलो चौघी. एकीकडे पाहुणे आले, एकीची खुरपणी होती, एकीच्या दिरानं नको म्हटलं. आमच्यातल्याही एकीला त्याच दिवशी तालुक्याला काम निघालं. पुढे होऊन बोलली ती एक मैत्रीण. नंतर तिलाच घरी येऊन धमकावलं, तिच्या शेळ्यांचा रस्ता अडवला. आम्ही बैठकीत तिचं कौतुक केलं, टाळ्याही वाजवल्या. तिसऱ्या महिन्यापासून तिनं बैठकीला येणं सोडलं. 'तिला घरचं काम असेल', असं आम्ही नोंदवहीत लिहिलं.

त्या रात्री प्रत्येकीनं आपलं कारण सांगितलं. खुरपणी खरीच होती, पाहुणेही खरेच होते. हॅडलीव्हिलमधल्या लोकांची कारणंही तशी खरीच होती. म्हाताऱ्याची हाडं दुखतच होती. पण इतकी सगळी खरी कारणं एकत्र आली आणि एक बाई रस्त्यावर एकटी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही नऊ जणी तिच्या घरी गेलो. तिनं चहा केला. फार बोलली नाही. निघताना म्हणाली, "ताई, याल तेव्हा या, पण सांगून मागं राहू नका." ती अजून बैठकीला आलेली नाही. पुढच्या आठवड्यात महिला ग्रामसभा आहे. अर्ज पुन्हा लिहिला आहे, आणि या वेळी सही करतानाच कोण काय करणार तेही लिहून घेतलं आहे. कोण कुणाच्या पोरांना सांभाळणार, कोण कुणाची खुरपणी आदल्या दिवशी उरकून देणार, आणि परत येताना तिला घरापर्यंत कोण सोडणार.

सभा सकाळी अकराला आहे. आम्ही साडेदहालाच तिच्या दारात जाऊन थांबणार आहोत.

तुमच्या गटात हा सिनेमा दाखवायचा असेल तर आम्हाला जरूर कळवा. येऊन गोष्ट मराठीत सांगू.