अभ्यास आणि वैराग्य

गीतेच्या सहाव्या अध्यायात 47 श्लोक आहेत. आसन, दृष्टी, आहार, निद्रा यांचे नियम त्यांत आहेतच. परंतु अध्यायाचे मर्म अर्जुनाच्या शंकांत आहे. मन वाऱ्याप्रमाणे आवरण्यास कठीण, असे तो म्हणतो. भगवंत ते नाकारीत नाहीत. अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगतात. पतंजलींनीही योगसूत्रांच्या समाधिपादात चित्तवृत्तींच्या निरोधासाठी हीच जोडी दिली आहे.

अर्जुनाची दुसरी शंका अधिक जिव्हाळ्याची. श्रद्धा आहे, पण साधना अर्धीच राहिली, तर त्या माणसाचा प्रपंचही गेला आणि परमार्थही? भगवंतांचे उत्तर धीर देणारे आहे : असा प्रयत्न वाया जात नाही, पुढील जन्मी तो साधक तेथूनच वाट धरतो. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरीने हा धीर मराठी माणसाच्या घरी आणला.

म्हणून आरतीनंतर सभामंडपात घटकाभर स्वस्थ बसणाऱ्या प्रापंचिकाचे मन दहा वेळा भरकटले, तरी त्याने खंत करू नये. अकराव्या वेळी ते परत आणावे. ते परत आणणे, हाच अभ्यास होय. आणि भरकटण्याची ओढ हळूहळू ओसरणे, हेच वैराग्य.