शिकार चुलीपर्यंत येते तेव्हा

हातातलं काम चालू ठेवूनच ऐका, मीही कांदे निवडता निवडताच या भाषणाची तयारी केली आहे.

महाशिवरात्र झाली. भीमाशंकरची यात्रा उतरली. थंडी शिव शिव म्हणत निघून जाते असं आपली जुनी माणसं म्हणतात, पण आपल्या डोंगरात पहाटे अजून शेकोटी लागते. आता वेध लागले शिमग्याचे. आणि शिमगा जवळ आला, की पोरांच्या गळ्यात गलोली दिसायला लागतात, घराघरांतून जुन्या शिकारींच्या गोष्टी निघतात. म्हणून आज मी बचतीवर आणि कर्जावर न बोलता शेकरूच्या शिकारीवर बोलणार आहे. शेवटी गटावर येणारच आहे, पण वाट रानातून आहे.

शेकरू आपल्याला नवं नाही. आपल्या महाराष्ट्राचा तो राज्यप्राणी आहे. अंगणातल्या खारीचाच हा थोरला भाऊबंद, पण पाठीवर पट्टे नाहीत. पाठ तांबूस तपकिरी, पोट पिवळसर पांढरं आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपटी. वजन दीड-दोन किलोपर्यंत भरतं. जमिनीवर तो क्वचितच उतरतो. या फांदीवरून त्या फांदीवर वीस-वीस फूट उडी मारतो. मुंबई-पुण्याची माणसं त्याला बघायला गाड्या करून येतात आणि तरी पुष्कळांना तो दिसत नाही. आपल्याला दिसतो. का दिसतो, तर आपल्या घरातलं कुणीतरी कधीतरी शिकारी होतं.

माझे बाबा होते. आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. मी त्यांची धाकटी, आणि माझी नजर तेज, म्हणून ते मला बरोबर न्यायचे. शेकरू शोधावं ते माघ-फाल्गुनात, असं ते म्हणायचे. पावसाळ्यात रान इतकं गच्च असतं की डोक्यावर बसलेलं शेकरू दिसत नाही. माघ सरताना खालच्या उतारावरची झाडं पानं गाळतात. मग उंचावर, दोन झाडांच्या फांद्या जिथे एकमेकींत शिरतात तिथे, काटक्या-पानांचे मोठे गोळे दिसायला लागतात. ती शेकराची घरटी. बारीक फांद्यांवर बांधलेली असतात, म्हणजे जड जनावराला तिथवर जाता येऊ नये. एकच शेकरू अनेक घरटी बांधतं, म्हणून घरटं दिसलं म्हणजे शेकरू सापडलं असं नाही. सगळा पाला वाळून तपकिरी झालेला आणि मधून आभाळ दिसतंय, तर ते जुनं. वाळक्या पाल्यात मधेच हिरवी पानं खोचलेली दिसली, तर घर नांदतं आहे.

दुसरी खूण झाडांची. या दिवसांत फळं थोडी असतात, पण सावर आणि पांगारा फुललेले असतात, कुठे उंबर पिकलेला असतो. शेकराला फुलं, कळ्या, कोवळी पालवी, फळं सगळं चालतं. त्यामुळे आख्खं रान धुंडाळायचं नाही, फुललेलं झाड धरायचं आणि त्याच्याखाली बघायचं. अर्धवट कुरतडलेली ताजी फळं, फुलांच्या पाकळ्या, कोवळे शेंडे पडलेले दिसले, तर वर कुणीतरी जेवून गेलंय.

तिसरी खूण कानांची. सकाळी ऊन फांद्यांवर आलं, की शेकरू बाहेर पडतं. दुपारी आडव्या फांदीवर पोट टेकून पडून राहतं आणि उन्हं कलली की परत खायला निघतं. वारा नसताना एकच फांदी हलली, की बाबा माझा हात दाबायचे. धोका वाटला, की ते खडखड आवाज काढतं, किंवा फांदीला चिकटून असं निपचित पडतं की साल आणि अंग वेगळं कळत नाही. तेव्हा माणसानं हलायचं नाही. कंटाळा आधी कुणाला येतो ते बघायचं. माझ्या लहानपणातली सगळ्यात मोठी शांतता मी त्या झाडांखाली अनुभवली आहे.

आता खरी गोष्ट सांगते. मी नऊ वर्षांची असेन. असाच माघाचा शेवट होता. एका आंब्यावर आणि शेजारच्या जांभळावर मिळून घरटं होतं, त्यात हिरवा पाला होता. बाबांना ते दिसलं नाही, मला दिसलं. मी बोट केलं. बराच वेळ आम्ही उभे होतो. मग शेकरू बाहेर आलं, फांदीवर मागचे पाय रोवून उलटं लटकलं आणि कळ्या खायला लागलं. बाबांकडे तेव्हा ठासणीची बंदूक होती.

ते पडलं. मी पळत जाऊन उचललं. अंग ऊनऊन होतं. पोटाकडची लव ओली होती, मला वाटलं रक्त आहे. रक्त नव्हतं, दूध होतं. बाबांनी एकदा घरट्याकडे पाहिलं. तिथवर चढणं माणसाचं काम नव्हतं. आम्ही घरी आलो. आईनं काही न बोलता पाटा धुतला, मसाला वाटला. त्या रात्री बाबा जेवले. मीही जेवले. हे मी लपवत नाही, कारण तुमच्यातल्या पुष्कळजणींनी असाच पाटा धुतला असेल.

बाबांनी शिकार लगेच सोडली असं नाही. पण शेकरावर त्यांनी पुन्हा बंदूक उचलली नाही. पुढे बंदूकही घरातून गेली.

कायदा काय सांगतो, तेही ऐका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. आपलं भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, आणि ते शेकरूसाठीच ओळखलं जातं. शेकरू मारणं हा गुन्हा आहे, मग ते बंदुकीनं मारा, गलोलीनं मारा की फासा लावून. अभयारण्यात शिकार केली तर किमान तीन वर्षं कैद होऊ शकते, ती सात वर्षांपर्यंतही जाते, आणि वर दंड. ‘आमच्याकडे शिमग्याला चालतच आलंय’ हे उत्तर कोर्टात चालत नाही.

पण मैत्रिणींनो, नुसत्या कायद्याच्या भीतीनं घरातलं काही थांबत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. दारूबंदीच्या वेळी आपण पाहिलंय.

गेल्या वर्षी फाल्गुनात आमच्या एका गटाची मासिक बैठक होती. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली. उठता उठता एकजण हळूच म्हणाली, ‘ताई, माझ्या पोरानं काल शेकरू आणलं. मी शिजवलं. आता पोटात गोळा आलाय.’ पोरगा बारा वर्षांचा. सगळ्या गप्प. मग एक म्हातारी सभासद बोलली, ‘पोरगं रानातून काय आणील ते आणील. पण कच्चं तर नाही ना खात कुणी? शिकार शेवटी आपल्याच चुलीपर्यंत येते.’

त्या एका वाक्यावर आमची बैठक आणखी दोन तास चालली. पुरुषांना रानात जाऊन अडवणं आपल्या हातात नाही. पोरांच्या मागे आपण दिवसभर फिरू शकत नाही. पण चूल आपली आहे. पाटा आपला आहे. मारून आणलेलं रानातलं जनावर शिजवायचं नाही, एवढं जरी सगळ्या घरांनी एकदम ठरवलं, तर मारायचं कशाला?

ठराव लिहायला मी पेन काढलं, तर तीच पोराची आई उसळून म्हणाली, ‘तुम्हाला बोलायला काय जातंय? तुझ्या घरी महिन्याला पगार येतो. माझ्या पोरांनी दिवाळीनंतर मटण बघितलेलं नाही. हिरडा विकायला अजून वेळ आहे, भात संपत आलाय. त्यानं आणलं ते हौसेनं नाही आणलं.’

मला उत्तर देता आलं नाही. खरं तर ती बोलली म्हणून आमचा ठराव नुसता कागदावर राहिला नाही. त्या दिवशी आम्ही ठराव लिहिलाच नाही. पुढच्या बैठकीत आधी कोंबड्यांचं बोललो. ज्यांना हव्या होत्या अशा सहाजणींना गटातून अंतर्गत कर्ज दिलं, दोन-दोन हजार रुपये, नेहमीच्याच व्याजानं. प्रत्येकीनं गावठी कोंबड्या घेतल्या. हिरड्याचे पैसे येईपर्यंत हप्ता फक्त व्याजाचा ठेवला. आणि मग ठराव लिहिला.

सगळं सुरळीत झालं असं सांगणार नाही. पहिल्याच महिन्यात दोन कोंबड्या मुंगसानं नेल्या. ती आई मला रस्त्यात गाठून म्हणाली, ‘आता मुंगसावर गलोल चालवायची की नाही, तेही गटात ठरवा.’ आम्ही दोघी हसलो, आणि दुसऱ्या दिवशी चौघींनी मिळून तिचं खुराडं नीट बांधलं, जाळी मारली. पावसाळ्यात तिच्या घरी अंडी निघायला लागली. सगळी विकायची नाहीत, आठवड्याला इतकी पोरांच्या ताटात, असं तिनं स्वतःच ठरवलं. कर्ज अजून थोडं बाकी आहे, पण हप्ता चुकलेला नाही.

पोराचं काय? पोरगा हुशार आहे. शेकरू ज्याला सापडतं त्याची नजर आणि धीर दोन्ही वेगळे असतात. त्याला नुसतं ‘जाऊ नकोस’ म्हटलं, तर तो लपून जाईल. म्हणून मी बाबांना विचारलं. ते आधी नको म्हणाले. मग एका रविवारी काठी घेऊन निघाले. बरोबर पाच पोरगे आणि दोन पोरी. अट एकच, गलोली घरी ठेवायच्या.

मुलांनी गावाशेजारच्या रानात अकरा घरटी मोजली आणि खूश झाली. बाबा प्रत्येक झाडाखाली उभे राहिले आणि म्हणाले, ‘अकरा घरटी आहेत, पण नांदती तीनच.’ वनखातंही घरट्यांच्या नोंदीवरून अंदाज बांधतं. आमच्या मुलांनी ती नोंद एका वहीत ठेवली आहे. कोणतं झाड, हिरवा पाला आहे की नाही, खाली काय सांडलंय. पिल्लं असण्याची शक्यता वाटली, तर त्या झाडाखाली थांबायचं नाही, हा नियम बाबांनी घातला. का घातला, ते त्यांनी मुलांना सांगितलं नाही. मला माहीत होतं.

त्या वहीतून आम्हाला आणखी एक गोष्ट कळली, आणि ती आपल्या बायकांच्या कामाची आहे. ओढ्याच्या एका बाजूला घरटी होती, दुसऱ्या बाजूला एकही नव्हतं. झाडं दोन्हीकडे होती. फरक एवढाच, की दुसऱ्या बाजूच्या झाडांच्या फांद्या आपणच राबासाठी छाटत आलो आहोत. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा, त्यासाठी याच दिवसांत फांद्या तोडायच्या, हे आपलं दरवर्षीचं काम. छाटलेलं झाड जगतं, पण एकटं उभं राहतं. शेजारच्या झाडाशी त्याची फांदी भिडत नाही. शेकराचा रस्ता तिथे तुटतो. त्याला जमिनीवर उतरायला लागलं, की कुत्री आहेतच. म्हणजे बंदूक, गलोल काही न उचलता आपण त्याला त्या रानातून हाकललं होतं.

म्हणून यंदा आम्ही एवढं करतोय. राबासाठी आधी शेण, गवत आणि वाळका पाला वापरायचा. फांद्या घ्यायच्याच झाल्या तर खालच्या घ्यायच्या, आणि दोन झाडांची डोकी जिथे भिडतात तिथे कोयता लावायचा नाही. घरट्याच्या झाडाला तर नाहीच. हे करायला पैसे लागत नाहीत, कुणाची परवानगी लागत नाही.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत शिमग्याच्या आधी हे तीन प्रश्न विचारून बघा. मारून आणलेलं आपण शिजवायचं का? ज्या घरात त्याची गरज पडते, त्या घराला गट काय देऊ शकतो? आणि आपल्या राबाच्या फांद्या कुठून येतात? दुसरा प्रश्न सोडून पहिला विचारू नका. आमची तीच चूक होत होती.

आपण बचत गटात नेहमी खारीचा वाटा, खारीचा वाटा म्हणतो. प्रत्येकीचे शंभर रुपये म्हणजे खारीचा वाटा. खारीनं आपला वाटा कधीचाच दिलेला आहे, आता तिच्या थोरल्या भावाचा वाटा आपण द्यायचा आहे.

कालच बाबांना घेऊन ओढ्यापर्यंत गेले होते. त्यांना आता नीट दिसत नाही. आंब्याखाली उभे राहून त्यांनी विचारलं, ‘हिरवा पाला आहे का गं?’ मी वर पाहिलं. होता. पण या खेपेला मी बोट केलं नाही, नुसतं ‘आहे’ म्हटलं, आणि आम्ही घरी आलो.