‘नाही’ म्हणण्याची रीत



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संगणकाच्या आज्ञावलीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आज्ञावलीही भाषेतच लिहिली जाते आणि ‘नाही’ कसे म्हणावे, हा प्रश्न कोणत्याही भाषेला चुकत नाही. मराठीत ‘नाही’, ‘नव्हे’, ‘नको’, ‘नये’ असे निरनिराळे शब्द आहेत. पाणिनीने तर वर्णाच्या न दिसण्यालाही ‘लोप’ ही संज्ञा दिली.

संगणकभाषांत मात्र अभाव पुष्कळ काळ वेष पालटून वावरला. १९६५ साली टोनी होअर यांनी अल्गोल डब्ल्यू या भाषेत ‘नल’ आणला. तो खऱ्या वस्तूच्या निर्देशासारखाच दिसे. वस्तू समजून वापरावा, तर आज्ञावली कोसळे. २००९ साली स्वतः होअर यांनीच त्याला आपली एक अब्ज डॉलरची चूक म्हटले.

अपयश नीट ओळखू आले नाही, तर काय घडते? ४ जून १९९६ रोजी एरियन ५ या अग्निबाणाच्या पहिल्याच उड्डाणात ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत मावली नाही. दिशादर्शक संगणक थांबला. त्याने पाठविलेली बिघाडाची खूण मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती म्हणून वाचली. सुमारे चाळीस सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला.

आपल्या शाळेतलेच उदाहरण घेऊ. गुणपत्रकात शून्य गुण मिळालेला मुलगा आणि गैरहजर मुलगा एक नव्हेत. गैरहजराच्या रकान्यात शून्य मांडले, तर बेरीज बिनचूक होईल. अन्याय मात्र त्या मुलावर होईल. एमएल, हास्केल आणि २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती आलेली रस्ट, या भाषांनी हा भेद मूल्याच्या प्रकारातच नोंदविला. रस्टमधील ‘ऑप्शन’ सांगतो : गुण आहेत, किंवा नाहीत. ‘रिझल्ट’ त्यापुढे जातो : उत्तर मिळाले, किंवा अमुक कारणाने मिळाले नाही, उदाहरणार्थ, गुणांची फाइलच उघडली नाही. दोन्ही शक्यतांची वाट लावून दिल्याखेरीज आतले मूल्य सहजी हाती येत नाही. विसरल्यास कंपायलर आधीच अडवितो. जेथे उपाय करता येत नाही, तेथे केवळ एक प्रश्नचिन्ह लिहून अपयश कारणासह वरच्या कार्याकडे सोपविता येते. त्यामुळे मजकूरही सुटसुटीत राहतो. ‘अनरॅप’ लिहून डोळेझाक करता येते, हे खरे. पण ती डोळेझाकही लेखी राहते.

माझ्या मते, भाषेची प्रतिष्ठा तिच्या होकारापेक्षा नकाराच्या स्पष्टतेत अधिक असते. ‘ठाऊक नाही’ आणि ‘का ठाऊक नाही’ हे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला आपण शिक्षा करू लागलो, तर तो रिकाम्या जागी काहीतरी भरून देईल आणि आपण ते खरे मानून पुढे जाऊ. ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, त्यांनी आयुष्यभर मुलांना प्रांजळपणाच शिकविला. नव्या भाषा शिकणाऱ्या आपल्या मुलांनीही तो जपावा, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.